देवदूत खाऊ पाहणारी क्वीनी

ट्रुमन कपोटीच्या ‘अ ख्रिसमस मेमरी’ या कथेत नाताळचं झाड सजवून होतं आणि घरातली कुत्री त्यावरचा एक देवदूत खायला जाते. देवदूत चॉकलेटच्या वेष्टणातल्या चांदीचा आहे. सात वर्षांचा मुलगा आणि साठी ओलांडलेली त्याची दूरच्या नात्यातली बहीण, दोघांनी साठवून ठेवलेल्या चांदीच्या तुकड्यांतून तो घडवलेला. झाड अगदी खावंसं वाटण्याइतकं छान झालंय, असं ती बाईच आधी म्हणालेली असते. क्वीनी ते शब्दशः घेते, इतकंच. कथेत हा प्रसंग एका ओळीचा आहे. वाचक हसतो आणि पुढे जातो. मी मात्र गेली काही वर्षं ही कथा पुन्हा वाचताना तिथेच अडकते, कारण त्या देवदूताला अजून चॉकलेटचा वास येत असणार आणि क्वीनीला तो आला असणार. सजावटीच्या वस्तूचं पूर्वायुष्य त्या घरात एकट्या तिलाच कळलं.

कथा ‘मॅडेमोझेल’ या अमेरिकन मासिकात डिसेंबर 1956मध्ये आली. दोन वर्षांनी ‘ब्रेकफस्ट अ‍ॅट टिफनीज’च्या पुस्तकात ती मागच्या पानांवर जाऊन बसली आणि 1966मध्ये तिचं स्वतंत्र, खोक्यातलं, भेट म्हणून देण्यासारखं पुस्तक निघालं. तेव्हापासून ती नाताळची कथा झाली आहे. संकलनांत येते, डिसेंबरात मोठ्याने वाचली जाते, तिची नाटकं होतात. आणि जिथे जाते तिथे एकच विशेषण सोबत नेते : गोड. गरीब घर, म्हातारी बाई, छोटा मुलगा, कुत्री, हाताने केलेली सजावट, केकचा दरवळ. आणखी काय हवं?

मला ही कथा गोड वाटत नाही. ती मला हिशोबाच्या वहीसारखी वाटते. वही लिहिणारे तिघंही दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या मर्जीवर राहतात. आपल्याकडे त्यांना ‘आश्रित’ म्हणतात. मुलगा, बाई आणि कुत्री यांच्यात साम्य आहे ते या एका शब्दाचं. घरात इतरही नातेवाईक आहेत. त्यांची सत्ता या तिघांवर चालते, ते त्यांना रडवतात, पण कथा त्यांना चेहरे देत नाही. सत्ता असलेल्यांना चेहरा नाही आणि सत्ता नसलेल्यांचा एकेक सेंट मोजलेला, अशी या कथेची मांडणी आहे.

आता वही उघडून पाहू. नोव्हेंबर संपता संपता एका सकाळी बाई खिडकीबाहेर बघते आणि हवेवरूनच ठरवते की फ्रूटकेक करायची वेळ झाली. तीस केक करायचे आहेत. त्यासाठी वर्षभर साठवलेला निधी पलंगाखालच्या सुट्या फळीखाली, रात्रीच्या भांड्याच्या खाली लपवलेला असतो. तो आला कुठून? माश्या मारून : पंचवीस माश्यांना एक सेंट. परड्यात भरवलेल्या गमतीच्या प्रदर्शनातून, ज्यातलं मुख्य आकर्षण असलेलं तीन पायांचं कोंबडीचं पिल्लू मेलं आणि प्रदर्शन बंद पडलं. कुठल्याशा स्पर्धेतल्या बक्षिसातून. मोजणी होते तेव्हा एकाच्या हिशोबात तेरा डॉलर भरतात. तेरा अशुभ, म्हणून एक सेंट खिडकीबाहेर फेकला जातो. पेकन विकत घ्यायचे नाहीत. दुसऱ्याच्या बागेत मालकाने झाडं झोडपून नेल्यावर गवतात पडलेले वेचायचे आणि मुलाच्याच जुन्या, मोडकळीला आलेल्या बाबागाडीतून घरी आणायचे. या वेचण्याला आपल्याकडे ‘सर्वा वेचणं’ म्हणतात, आणि शेतात सर्वा कोण वेचतं हे मराठी वाचकाला सांगायला नको.

व्हिस्की मात्र विकत घ्यावी लागते, तीही चोरून, कारण अलाबामात तिच्या विक्रीला बंदी. नदीकाठच्या बदनाम गुत्त्याचा मालक हाहा जोन्स त्यांची सुटी नाणी हातात घेतो, खुळखुळवतो आणि परत करतो. पैशांऐवजी एक केक पाठवा म्हणतो. कथेतला हा एकच मोठा माणूस आहे जो त्यांना धंद्यातल्या बरोबरीच्या माणसांसारखं वागवतो. चार दिवसांनी केक तयार होतात तेव्हा ते एकतीस असतात. वरचा एक हाहाचा असावा, असा माझा हिशोब.

केक जातात कुणाकुणाला? घरातल्या नातेवाइकांना तर नाहीच, शेजाऱ्यांनाही फारसे नाहीत. ते जातात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना, बोर्निओला निघालेल्या मिशनरी जोडप्याला, वर्षातून दोनदा गावात येणाऱ्या धार लावणाऱ्याला, रोज धूळ उडवत जाताना हात करणाऱ्या बसच्या ड्रायव्हरला, एकदा गाडी बंद पडली म्हणून तासभर ओसरीवर टेकलेल्या कॅलिफोर्नियाच्या तरुण जोडप्याला. आणि टपालाच्या तिकिटांवर उरलेला सगळा निधी संपतो. इथे मी पहिल्यांदा थबकले होते. उपकाराखाली जगणारी माणसं, ज्यांनी आपल्यावर कुठलेच उपकार केलेले नाहीत अशांना शोधून देतात. ज्यांना परतफेड करायची नाही अशांनाच देता आलं की, देणाऱ्याला काही काळ तरी आश्रिताच्या जागेवरून उठता येतं. गोडवा म्हणून ही गोष्ट वाचली तर हे उठणं दिसत नाही.

निधी संपलेला असतो, म्हणूनच यापुढची सगळी सजावट हाताची आहे. हे लक्षात घेतलं नाही तर ‘हाताने केलेलं’ या शब्दाला एक फसवी चमक येते. आजकाल डिसेंबरात फोनच्या पडद्यावर हाताने केलेल्या नाताळाची चित्रं धो धो वाहतात : तपकिरी कागदात बांधलेली खोकी, वाळलेल्या संत्र्याच्या चकत्या, फेल्टचे तारे, आणि मधोमध डोक्यावर लाल टोपी किंवा सांबरशिंगं अडकवलेला, कंटाळलेला कुत्रा. पुण्या-मुंबईच्या दुकानांतही आता ‘स्वतः बनवा’ असे संच मिळतात. आकार आधीच कापलेले, गोंदाची बाटली सोबत. मला या लोकांची टिंगल करायची नाही. संध्याकाळभर कातरकाम करण्यात सुख आहे, आणि ते खरं आहे. पण हा हाताचा नाताळ निवडलेला असतो, बाजारातल्या इतर पाच नाताळांमधून. कपोटीच्या कथेत निवड नाही. तिथे हात हे एकमेव भांडवल आहे.

म्हणून त्या सजावटीची यादी वाचताना मला ती जप्तीच्या पंचनाम्यासारखी अचूक वाटते. माळ्यावरच्या ट्रंकेत एका खोक्यात एर्मिनच्या पांढऱ्या शेपट्या, कधीकाळी घरात भाड्याने राहून गेलेल्या कुणा विचित्र बाईच्या अंगरख्याच्या. जुनी होऊन सोनेरी पडलेली चमकीची वेटोळी. एक रुपेरी तारा. दिव्यांची छोटीशी, जीर्ण आणि निःसंशय धोकादायक माळ. (हा ‘धोकादायक’ मला फार आवडतो. गोड आठवणीत विजेचा झटका बसण्याची शक्यता कुणी लिहीत नाही.) एवढ्याने झाड भरत नाही. बाईला ते चर्चच्या खिडकीसारखं झगझगीत हवं असतं, आणि दुकानातल्या जपानी बनावटीच्या दागिन्यांना पैसे नाहीत. मग दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दिवसेंदिवस बसतात. मुलगा मांजरं काढतो, मासे काढतो, कारण ते काढायला सोपे. मग सफरचंदं, कलिंगडं. आणि चांदीचे देवदूत. ती कापते. सेफ्टी पिनांनी हे सगळं फांद्यांना अडकवलं जातं आणि वरून कापूस पिंजून शिवरला जातो. कापूस ऑगस्टमध्येच या कामासाठी वेचून ठेवलेला.

मांजरं आणि मासे काढायला सोपे, म्हणून झाडावर मांजरं आणि मासे. नाताळच्या चित्रविश्वात मासे कुठून आले, असा प्रश्न कुणाला पडत नाही. सात वर्षांच्या हाताला जे जमतं ते सणाचं चिन्ह होतं. आपल्याकडे दिवाळीच्या किल्ल्यावर शिवाजी महाराजांशेजारी प्लास्टिकचा वाघ आणि क्रिकेटपटू उभे असतात, तसंच.

झाडाआधीचा एक व्यवहारही सांगायला हवा. हे झाड दोघांनी लांबच्या जंगलातून, थंडगार ओढा ओलांडून, स्वतः कुऱ्हाड चालवून आणलंय. ते मुलाच्या दुप्पट उंच हवं, म्हणजे कुठल्या पोराला वरचा तारा चोरता येणार नाही, असा बाईचा नियम. परतताना रस्त्यात गिरणीमालकाची आळशी बायको गाडी थांबवते आणि झाडाला पंचवीस सेंट देऊ करते. मग पन्नास. तिचं म्हणणं साधं आहे : जंगलात जाऊन दुसरं तोडून आणा की. बाई नकार देते, कारण तिच्या मते जगात कुठलीच गोष्ट दोनदा मिळत नाही. पन्नास सेंट म्हणजे बाराशे पन्नास माश्या. हा गुणाकार कथा करत नाही. मी केला, आणि त्यानंतर मला तो नकार भाबडा वाटेनासा झाला.

आता क्वीनी. नाताळकथांमध्ये प्राणी असणं नवं नाही. बीट्रिक्स पॉटरच्या ‘द टेलर ऑफ ग्लॉस्टर’मध्ये (1903) नाताळच्या आदल्या रात्री प्राणी बोलू लागतात, आणि आजारी शिंप्याचा कोट उंदीर शिवून देतात. डिलन टॉमसच्या ‘अ चाइल्ड्स ख्रिसमस इन वेल्स’मध्ये मांजरं आहेत, पण ती बर्फाचे गोळे मारण्यासाठी; पोरं मोजे हातात चढवून त्यांची वाट बघत बसलेली असतात. पॉटरमध्ये प्राणी माणसासारखे होतात, टॉमसमध्ये ते खेळाचं निशाण आहेत. क्वीनी यांपैकी काहीच होत नाही. ती केशरी-पांढरी, उंदीर पकडणाऱ्या टेरिअर जातीची, डिस्टेंपर आणि दोन सर्पदंशांतून वाचलेली चिवट कुत्री आहे. तिला बोलता येत नाही, तिच्याकडून कुणी काही शिकत नाही. ती फक्त हजर असते आणि तिचा प्रत्येक गोष्टीत वाटा असतो. तळाशी उरलेल्या व्हिस्कीतला चमचाभर तिच्या कॉफीत पडतो. मग ती पाठीवर लोळते. नंतर मुलाच्या तोंडाला दारूचा वास येतो म्हणून नातेवाईक बाईला फैलावर घेतात आणि बाई उशीत तोंड खुपसून रडते. कुत्रीला कुणी रागावत नाही. आश्रितांमध्येही उतरंड असते, आणि सगळ्यात खालच्या पायरीवर थोडं स्वातंत्र्य असतं.

नाताळच्या आदल्या दिवशी दोघं जमवाजमव करून पाच सेंट उभे करतात आणि खाटकाकडून क्वीनीचं ठरलेलं बक्षीस आणतात : चघळण्याजोगं चांगलं हाड. ते वर्तमानपत्राच्या चित्रपट्टीच्या पानात गुंडाळून झाडावर उंच, रुपेरी ताऱ्याजवळ बांधलं जातं. एकमेकांसाठी मात्र दोघांनी पतंग केलेत, कारण मुलाला हवी ती सायकल आणि बाईला हवी ती चॉकलेटातली चेरी हिशोबात बसत नाही. म्हणजे केक रवाना होऊन निधी संपल्यावर, या जवळच्या वर्तुळात शेवटचं नाणं खर्च होतं ते कुत्रीवर. माणसांना हाताने केलेलं चालतं. कुत्रीला हाताने केलेलं हाड देता येत नाही. इतकं साधं तर्कशास्त्र आहे, पण लेखकाने ते कुठेही बोलून दाखवलेलं नाही. आणि पुडक्यात काय आहे हे नेमकं ठाऊक असलेली एकटी क्वीनीच. ती झाडाखाली बसून वर टक लावून बघते आणि झोपायची वेळ झाली तरी हलत नाही.

सकाळी नातेवाइकांच्या भेटी उघडतात तेव्हा या हाडाची किंमत कळते. मुलाला मिळतात मोजे, रविवारच्या शाळेचा शर्ट, रुमाल, कुणाचा तरी उतरलेला स्वेटर आणि मुलांच्या एका धार्मिक मासिकाची वर्गणी. प्रत्येक वस्तू उपयोगाची आहे आणि एकही त्याला ओळखून दिलेली नाही. नातेवाइकांनी त्याला जे दिलं ते एखाद्या अनाथाश्रमाला दिलं असतं तरी चाललं असतं. क्वीनीला जे मिळालं ते फक्त क्वीनीला देता आलं असतं.

लाल टोपीतला कंटाळलेला कुत्रा मला इथे पुन्हा आठवतो. त्याच्यावर प्रेम नसतं असं नाही. कदाचित क्वीनीपेक्षा जास्त मायेने त्याला वाढवलेलं असेल, आणि दोन सर्पदंश तर नक्कीच झालेले नसतील. फरक जागेचा आहे. तो सजावटीचा भाग आहे. क्वीनी सजावटीवर हक्क सांगते.

या कथेचं मराठीत काही करायचं म्हटलं तर पहिला अडथळा एका शब्दाचा येतो. निवेदक त्या बाईचा उल्लेख सुरुवातीपासून शेवटपर्यंत ‘माझी मैत्रीण’ या अर्थाच्या शब्दाने करतो. नाव देत नाही. इंग्रजीत तो शब्द स्त्री-पुरुष, लहान-मोठं असा भेद करत नाही, म्हणून तिथे तो साध्या पाण्यासारखा वाहतो. मराठीत सात वर्षांच्या मुलाने साठीतल्या बाईला ‘मैत्रीण’ म्हणणं कानाला खटकतं. घरातल्या म्हाताऱ्या बाईला आपल्याकडे मावशी, आत्या, काकू, आजी असं काहीतरी असावंच लागतं. नातं लागलं की जागा ठरते, आणि जागा ठरली की तिने कुठे बसायचं, कुणानंतर जेवायचं हेही ठरतं. माझं मत असं की मराठीतही ‘मैत्रीण’च ठेवावं आणि खटकू द्यावं. कपोटीने नाव आणि नातं दोन्ही काढून घेतलं ते याचसाठी की घराने तिला दिलेली जागा मुलाला मान्य नाही.

मुलालाही स्वतःचं नाव नाही. ती त्याला बडी म्हणते, पण ते तिच्या लहानपणी, 1880च्या दशकात वारलेल्या तिच्या जिवलग मित्राचं नाव आहे. तिघांपैकी स्वतःचं नाव एकट्या कुत्रीला आहे, आणि ते नाव राणीचं. कपोटीच्या पुढच्या ‘द थँक्सगिव्हिंग व्हिजिटर’ या कथेत बाईला नाव मिळतं, सूक. प्रत्यक्षातही मन्रोव्हिलमधल्या त्या नातलग बाईंना सूक म्हणत. आई-वडिलांचं बिनसल्यामुळे 1924 साली जन्मलेला ट्रुमन लहानपणी त्यांच्या घरात ठेवला गेला होता. नाव मिळालं आणि ती मला जरा परकी झाली. बिननावाची होती तेव्हा मी तिच्या जागी आमच्या घरातल्या एका बाईला बसवू शकत होते.

ती वडिलांची चुलत आत्या. वडील तिला आत्या म्हणत, आई आत्या म्हणे, आम्ही मुलंही आत्याच म्हणत असू. तीन पिढ्यांना एकच हाक पुरत होती, यातच काय ते आलं. लग्न होऊन वर्षभरात ती माहेरी परतली होती आणि मग या घरातून त्या घरात अशी आमच्याकडे आली होती. ती शेजारपाजारच्या बायकांना वाती वळून द्यायची. फुलवाती, लांब वाती, लाखाच्या वाती. त्याचे जे काही पैसे येत ते हिंगाच्या रिकाम्या डबीत राहत, त्यामुळे तिच्या नाण्यांना हिंगाचा वास यायचा. दिवाळीला आकाशकंदील तीच करायची; कामट्या शेजाऱ्यांकडच्या उरलेल्या, पतंगी कागद मागच्या वर्षीचे जोड देऊन. आमचं घर शाकाहारी. आणि आत्याची एक मांजर होती, जिला घरातून दूध मिळायचं ते आत्याच्या चहातलं. दिवाळीच्या पहिल्या दिवशी पहाटे आत्या मागच्या भिंतीपलीकडे जाऊन त्या मांजरीला सुकट घालून यायची. पुडी कुठून आणायची, केव्हा आणायची, कुणालाच कळलं नाही. हात मात्र तीनतीनदा राखेने घासून यायची, तरी हिंगावर सुकटीचा वास चढलेला असायचा. आईला ते ठाऊक असणार. ती कधी बोलली नाही. घरातल्या सत्तेने दाखवलेली दया मला तेवढी एकच आठवते.

डिलन टॉमसच्या लेखात अशा आत्या-मावश्या एका ओळीपुरत्या येतात : खुर्चीच्या कडेवर अवघडून टेकलेल्या, स्वयंपाकघरात नकोशा आणि दुसरीकडेही नकोशा. ओळ विनोदी आहे आणि निष्ठुरपणे खरी आहे. टॉमस बैठकीच्या दारातून त्यांना बघतो आणि बर्फात खेळायला निघून जातो. कपोटी त्यांच्यातल्या एकीबरोबर स्वयंपाकघरात राहतो. दोन्ही लेखन पन्नासच्या दशकात लोकप्रिय झालं (टॉमसने आपलं 1952मध्ये न्यू यॉर्कला ध्वनिमुद्रित केलं), दोन्ही डिसेंबरच्या वाचनात शेजारी शेजारी बसतात. पण माझ्या मते त्यांच्यात नातं आहे ते परस्परांना प्रश्न विचारण्याचं.

मराठी वाचकाला ‘अ ख्रिसमस मेमरी’ वाचताना ‘श्यामची आई’ आठवणं अपरिहार्य आहे. 1933मध्ये नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी लिहिलेल्या त्या पुस्तकातही गरिबी आहे, सण आहेत, फक्त आईलाच दूध काढू देणारी मोरी गाय आहे, आणि रडू आहे. ते रडू गुरुजी उघडपणे मागतात. त्यात लबाडी नाही. पण तिथे प्रत्येक आठवण संस्काराच्या दिशेने जाते. श्यामची आई श्यामला घडवत असते. कपोटीची बाई मुलाला काहीच घडवत नाही. ती स्वतःच अजून मूल आहे, असं कथा स्पष्ट सांगते. तिच्याकडे द्यायला उपदेश नसतो, म्हणून ती पतंग देते. या कथेतलं रडू हिशोबाआड लपलेलं असतं. म्हणून ते जास्त जोरात येतं, आणि म्हणूनच काही ठिकाणी मला त्याचा संशयही येतो.

शेवटाचं उदाहरण घ्या. बाई वारल्याची बातमी आल्यावर शाळेच्या आवारात मुलगा आकाशाकडे बघतो, आणि हरवलेल्या पतंगांची जोडी जणू दोन हृदयांसारखी वर जाताना दिसेल अशी त्याला आशा असते. इतका वेळ सेफ्टी पिना आणि पाच सेंट मोजणाऱ्या लेखकाने शेवटी हृदय काढावं, हे मला पटत नाही. मासे काढायला सोपे म्हणून झाडावर मासे येतात, तसं काढायला सोपं म्हणून हे हृदय आलंय. भेटकार्डावर शोभेल अशी ही प्रतिमा आहे, आणि कथेला ‘गोड’चा शिक्का बसण्यात तिचा हात मोठा असावा.

दुसरी तक्रार कापसाची. 1930च्या दशकातल्या अलाबामात कापूस म्हणजे काय हे इतिहास वाचलेल्या कुणालाही माहीत आहे : गोऱ्या जमीनमालकांच्या रानात, बटाईवर, कर्जात बुडालेल्या काळ्या आणि गरीब गोऱ्या कुटुंबांनी वाकून वेचलेलं पीक. कथेत तो कापूस झाडावर बर्फ म्हणून शिवरला जातो. दोघांनी मूठभर स्वतः वेचला असेल, पण ती रानं ज्यांच्या हातांनी उभी होती त्यांची सावलीही कथेत फिरकत नाही. पेकन, व्हिस्की, केकची तिकिटं, सगळ्याचा माग ठेवणारी ही वही नेमकी इथे कोरी आहे. सात वर्षांच्या मुलाला ते दिसलं नसेल हे मी मान्य करते. पण लिहिणारा 1956चा प्रौढ लेखक आहे, आणि माँटगमरीत काळ्या नागरिकांनी बसवर घातलेला बहिष्कार तेव्हा सुरू होता. तेच अलाबामा.

त्या लेखकाचा हिशोब पुढे कुठे गेला हेही या कथेशेजारी ठेवून बघण्यासारखं आहे. 1966 हे कपोटीच्या वैभवाचं वर्ष. ‘इन कोल्ड ब्लड’ पुस्तकरूपात आलं, नोव्हेंबरात न्यू यॉर्कच्या प्लाझा हॉटेलात त्याने पाचशेच्या आसपास नामवंतांसाठी काळ्या-पांढऱ्या पोशाखांचा मुखवटा-नाच भरवला, आणि डिसेंबरात ‘अ ख्रिसमस मेमरी’ची दूरचित्रवाणी आवृत्ती झळकली. त्यात बाईची भूमिका केलेल्या जेराल्डिन पेजला एमी पुरस्कार मिळाला. निवेदनाचा चिरका, लांबण लावणारा आवाज खुद्द कपोटीचा. त्या नाचासाठी पाहुण्यांनी महागडे मुखवटे करवून घेतले, आणि आपला मात्र एकोणचाळीस सेंटांचा आहे असं यजमान मिरवत सांगत होता. मला हा आकडा वाचून हसू आलं होतं. सेंट मोजायची सवय सुटली नव्हती, पण आता ती विनोदाच्या कामी येत होती. आणखी सतरा वर्षांनी, मरणाच्या वर्षभर आधी, ‘वन ख्रिसमस’मध्ये त्याने वडिलांबरोबर न्यू ऑर्लीन्सला काढलेला नाताळ लिहिला. तिथे दुकानं आहेत, खेळण्यांचा ढीग आहे, पायडल मारून चालवायचं भलंमोठं विमान आहे. मुलगा ते वडिलांकडून वसूल करतो. वसूल हाच शब्द बरोबर, कारण त्या घरात मायेची भाषा खरेदीचीच आहे. कथा म्हणून ती उणी आहे, पण आधीच्या कथेत हातांनी काय सांभाळलं होतं ते तिच्या उजेडात दिसतं.

पुन्हा क्वीनीकडे. मुलाला लष्करी शाळेत पाठवलं जातं. ज्यांना सगळं कळतं असे घरातले लोक तसं ठरवतात. मागे बाई आणि क्वीनी उरतात. मग शेजाऱ्याच्या घोड्याची लाथ बसून क्वीनी मरते. बाई पत्रातून कळवते की तिला चांगल्या तलम चादरीत गुंडाळलं, बाबागाडीतून कुरणात नेलं आणि तिने आपली हाडं पुरून ठेवली होती तिथेच पुरलं. पेकनचा सर्वा ज्या गाडीतून आला तीच गाडी. ती चांगली चादर कुणासाठी वापरली, याची दुसऱ्या दिवशी नातेवाइकांनी चौकशी केली असेल का, हे कथा सांगत नाही. मी मात्र प्रत्येक वाचनात ते बोलणं ऐकते.

त्यानंतरही ती काही वर्षं एकटीच केक करते, पूर्वीइतके नाही, आणि त्यातला सगळ्यात चांगला मुलाला पाठवते. पत्रांमध्ये टॉयलेट पेपरच्या तुकड्यात गुंडाळलेलं दहा सेंटांचं नाणं असतं. सिनेमा बघ आणि मला गोष्ट लिहून पाठव, अशा अर्थाचा मजकूर सोबत. मुलगा घरात होता तेव्हाही दर शनिवारी निधीतून त्याला सिनेमासाठी दहा सेंटच मिळायचे. ती स्वतः कधी सिनेमाला गेली नाही. तो परत येऊन तिला गोष्ट सांगायचा. भाव तोच राहिला आहे. फळी उचलायची, भांडं बाजूला सारायचं, दहा सेंट मोजून काढायचे. फक्त आता त्यांच्यावर टपालाचं तिकीटही लावावं लागतं.